उणे चोवीस

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! जीपवाल्याने मला, दोन ट्रंका आणि गादीची वळकटी टेकडीच्या माथ्यावर उतरवली, एकट्या राहणार का बाई इथे, असं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत गाडी वळवलीसुद्धा. दर शनिवारी सामान घेऊन येईन म्हणाला. त्याच्या तोंडाचा पट्टा बघता आठवड्यातून एकदा पुरे.

हे हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचं केंद्र. दोन खोल्या, एक मोरी आणि छपरावर तारांचं जंजाळ. बॅटऱ्या चार्ज ठेवायच्या, अँटेनाच्या तारा ताणलेल्या ठेवायच्या आणि रोज संध्याकाळी रेडिओवर होणाऱ्या सभासदांच्या हजेरीला ओ द्यायची, एवढंच माझं काम. घटस्फोटानंतर ताईच्या सोफ्यावर इतके दिवस काढले की त्याला माझ्या पाठीचा आकार आला होता. आता स्वतःचं दार आहे, त्याला स्वतःची कडी आहे. बाहेरच्या खोलीत मी उगाचच दोनदा गिरकी घेतली.

खारू खाली शहरात ताईकडेच आहे. नाव वेगळं आहे, पण जन्मापासून तुरुतुरु पळते म्हणून खारू. बारा वर्षांची आहे, रेडिओची परीक्षा आम्ही दोघींनी एकदम दिली आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, हे ती मरेपर्यंत ऐकवणार. तीस तारखेला तिची सुट्टी सुरू होते. मग ती कायमची वर येणार. तिची खाट खिडकीखाली लावून टाकली आहे.

५ मार्च, बुधवार

आज हजेरीनंतर मास्तरांनी रेडिओवरून शिकवणी घेतली. मास्तर म्हणजे क्लबचे सर्वांत जुने सभासद, निवृत्त तारमास्तर. खारूने खालून वह्या सरसावून ऐकलं, मी वरून.

उजळणी म्हणून लिहून ठेवते. एक सरळ लहर असते, तिच्या पाठीवर आवाज बसवायचा. लहरीची उंची कमीजास्त केली की ते एएम. तिची कंपनं कमीजास्त केली की एफएम, आपल्या हजेरीच्या छोट्या हँडसेटवर असतं ते. एफएमचा आवाज स्वच्छ, पण ते नजरेच्या टप्प्यात चालतं, मधे डोंगर आला की संपलं. एसएसबीत लहर काढून टाकतात आणि आवाजाची अर्धीच बाजू पाठवतात, त्यामुळे थोड्या ताकदीत लांब जातं. मात्र बटण नीट जुळवलं नाही तर माणूस बदकासारखा बोलतो. टिंब-रेघांचा मोर्स त्याहून कमी ताकदीत पोचतो. आणि सगळ्यांत कमी ताकद लागते ती डिजिटल मोडला. कानाला नुसती खरखर ऐकू येते आणि तिच्या तळाशी असलेला सिग्नल कॉम्प्युटर वाचून पडद्यावर लिहितो.

खारूने विचारलं की दोघं एकाच वेळी बोलले तर काय होतं. मास्तर म्हणाले, एएमवर दोघांचा गलका ऐकू येतो. एफएमवर ज्याचा जोर जास्त तोच. दुसरा बारीक ऐकू येतो असंही नाही, तो नसतोच.

डिजिटलचं नाव निघालं की मास्तरांचं नाक वाकडं होतं. ज्याला आपण कानाने ऐकलं नाही त्याला रिपोर्ट देऊ नये, असा त्यांचा दंडक. म्हातारा कॉम्प्युटरवर खार खाऊन आहे, दुसरं काय.

हजेरीत एक गंमत. माझ्या आधीचा राखणदार काम सोडून मुलाकडे राहायला गेलाय, कुठेतरी डोंगरांपलीकडे. पण रोज न चुकता हजेरी लावतो, आणि काहीही विचारा, सगळं ठणठणीत, एवढंच सांगतो. खारूने त्याचं नाव ठणठणीतराव ठेवलंय.

८ मार्च, शनिवार

डिजिटल मोड लावला! एफटी-एट म्हणतात याला. पंधरा सेकंद एकाने पाठवायचं, पंधरा सेकंद दुसऱ्याने. आपलं चिन्ह, म्हणजे परवान्यावरचं अक्षर-आकड्यांचं नाव, मग रिपोर्ट, मग निरोप. रिपोर्ट म्हणजे तुमचा सिग्नल मला किती जोराने येतो त्याचा आकडा. उण्यात जितका खोल तितका क्षीण. उणे चोवीस म्हणजे अगदी तळ. स्वयंचलित उत्तराच्या चौकोनात खूण केली की कॉम्प्युटर आपला आपण बोलत बसतो, मी तिकडे भांडी घासली तरी चालतं. मी लगेच केली. अशी सोय घरकामात का नाही?

दुपारी शाळेतून आल्यावर खारूनेही ताईकडच्या लॅपटॉपवर मला पकडलं. आनंदाने किंचाळली ती.

नंतर एक पाहुणा आला. चिन्हाच्या जागी नुसती तीन टिंबं. चिन्ह ओळखता आलं नाही की असं होतं. मी त्यांना टिंबेसाहेब म्हणते. माझ्या कॉम्प्युटरने त्यांना रिपोर्ट दिला, उणे चोवीस. त्यांनी मला दिला, अधिक बारा. एवढा छान रिपोर्ट मला आजवर कुणी दिला नव्हता. निरोप मात्र न घेताच गेले.

१२ मार्च, बुधवार

टिंबेसाहेब रोज येतात. निरोप घेत नाहीत, त्यामुळे संभाषण पूर्ण होत नाही आणि माझं मशीन इमानेइतबारे उत्तरं देत राहतं. बोलावलं तर ओ द्यावी, हे आपलं वळण. त्यांचा आकडा चढतोय. उणे अठरा, उणे चौदा, आज उणे दहा. माझा मात्र उतरतोय. कुठलं तरी जोडणीचं टोक सैल झालं असणार. सकाळी छपरावर चढून सगळी टोकं आवळली, गुडघा फोडून घेतला. फरक शून्य.

हजेरीत मास्तर म्हणाले की आज माझा आवाज खोल येतोय, पोटात अन्न आहे ना?

१७ मार्च, सोमवार

टिंबेसाहेब आता कानाला ऐकू येतात. दुपारी कपडे वाळत घालताना स्पीकरमधून मोर्स आला. टिंब टिंब टिंब. थांबून पुन्हा टिंब टिंब टिंब. दमून चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखं.

मला आवडलं नाही ते. डिजिटल बंद केलं, चौकोनातली खूण काढली. आता कानाने ऐकलं असल्यामुळे मास्तरांच्या नियमात बसतं, म्हणून मोर्समध्ये शेवटचा रिपोर्ट दिला आणि निरोपाचा ठरलेला आकडा, त्र्याहत्तर, तोही वाजवला. माझ्या मते संपला विषय.

२० मार्च, गुरुवार

संपला नाही. सकाळी एसएसबीवर कुणीतरी बोलत होतं, बदकासारखं. मला हसूच आलं. सवयीने बटण हळूहळू फिरवत आवाज जुळवायला बसले. बदकाचा पुरुष झाला, पुरुषाची बाई झाली. आणखी केसभर फिरवल्यावर बाई ओळखीची वाटली.

तो माझा आवाज होता. खारूला हाक मारायचा सराव करत होता. एकदा लाडाने, एकदा रागावून, एकदा झोपेतून उठवताना मारते तशी.

मी सेट बंद केला. मी घाबरले आहे, हे इथे सरळ लिहून टाकते.

२१ मार्च, शुक्रवार

हजेरीत मास्तरांना सगळं सांगितलं. तीन वेळा सांगावं लागलं, तुटक येतेय म्हणाले. मग मी विचारलं की ठणठणीतराव डोंगरांपलीकडून छोट्या हँडसेटवर इतका स्वच्छ कसा येतो? एफएम तर डोंगर ओलांडत नाही.

मास्तर म्हणाले की हे आपल्या कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही. तो गेल्यापासून त्याला पाहिलंय कुणी? एकेक जण नाही म्हणाला. मधेच ठणठणीतराव बोलला, सगळं ठणठणीत.

मास्तर उद्या जीपमधून वर येणार आहेत. देवासारखा माणूस.

२२ मार्च, शनिवार

आले होते. गेले.

मी दारात उभी होते. मास्तर जीपमधून उतरले आणि मला हाका मारू लागले. मी म्हटलं, अहो, ही काय मी समोर. त्यांची नजर माझ्यावरून चौकटीवर गेली, तिथून कडीवर. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी वारा लागल्यासारखी शाल ओढून घेतली.

मग त्यांच्या खिशातला हँडसेट बोलला. माझ्या आवाजात. मागच्या उतारावर तार दुरुस्त करतेय मास्तर, सामान ठेवून जा, कालचा सगळा माझ्या डोक्यातला भ्रम होता, आता ठणठणीत.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. जीपवाला म्हणाला, एकटीदुकटी बाई, असं होतंच. मी जीपमागे वळणापर्यंत ओरडत धावले.

२४ मार्च, सोमवार

चालत खाली गेले. ताईचं दार बडवलं. उघडलं तिने, जिन्यात डोकावली, कुणी नाही म्हणाली आणि लावून घेतलं. तेवढ्यात मी आत शिरले.

खारू सोफ्यावर माझ्या जागी बसून हँडसेटवर हसत होती. आई, किती दिवसांनी तुझा आवाज स्वच्छ येतोय, म्हणत होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिचं नाव घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं. ती माझ्यातून खिडकीकडे बघत होती.

तिकडून तो आवाज म्हणाला की तीसची वाट बघतेय राणी, तुझी खाट लावून ठेवलीय.

२६ मार्च

परत वर आले. सगळं बंद केलं. बॅटऱ्या सोडवल्या, छपरावरच्या तारा कापल्या. संध्याकाळी ट्रंकेवरच्या हँडसेटमध्ये हजेरी झालीच. माझं नाव पुकारलं. मी ओ दिली—

दुसरीने दिली. मी नव्हतेच.

२७ मार्च

पेन फिकट उमटतंय. रिफिल नवी आहे. दाबून लिहितेय.

आता मीच खरखरीच्या तळाशी आहे. मग मलाही फक्त कॉम्प्युटरच वाचू शकेल. खारूचा लॅपटॉप! बॅटऱ्या आणि तारा पुन्हा जोडल्या. एफटी-एटमध्ये मोकळ्या मजकुरात तेराच अक्षरं मावतात, तीही रोमन लिपीत. बसवला कसाबसा. खारू येऊ नको. मशीनला सांगितलंय, पाठवत राहा. कुणी उत्तर दिलं तर रिपोर्ट दे, पुन्हा पाठव.

चौकोनात खूण करायला किती वेळ लागला. बोटांखाली कळ दबतच नाही—

२८ मार्च

उत्तर आलं! खारू नाही. ठणठणीतरावाचं चिन्ह. खरा तो. उणे चोवीसच्याही खाली, अर्धं तुटलेलं. कुणी आहे का, एवढंच. मग पुन्हा तेच.

खारूचा लॅपटॉप बंद आहे. डोळे बिघडतील, इकडे आल्यावर उघड, असं तिला आईने बजावलंय. संध्याकाळी हँडसेटवर ऐकलं मी.

३० मार्च

हॉर्न. जीप.

एकटीच उतरली. केवढी पिशवी. मी अंगणात, तिच्या वाटेत— बाजूला न होता माझ्यातून गेली.

दार आतून उघडलं. माझी साडी. माझे हात. खारूने मिठी मारली—

मी आतल्या खोलीत, सेटपाशी. ती बाहेरच्या खोलीत. टेबलावर लॅपटॉप उघडलाय. बघ, खारू. बघ, बघ— 

दिसलं! वाचलं तिने! आई, यात माझं नाव कसं, कोण हे, म्हणाली. चिन्हाच्या जागी नुसती टिंबं.

माझा आवाज म्हणाला, कुणी लांबचं असेल गं. बोलावलं तर ओ द्यावी. रिपोर्ट दे त्यांना.

नको—

आला. खारूचा रिपोर्ट, मला. उणे चोवीस. माझ्या मशीनने तिला दिला, अधिक बारा.

पुन्हा आला. उणे बावीस. तिला अधिक दहा. तिने चौकोनात खूण केली असणार. मीच शिकवली—

उणे अठरा. माझा आकडा चढतोय. तिचा—

बंद करायला हवं. कळ दबत नाही. अजून ताकद नाही. आणखी थोडी आली की दबेल. ती येते खारूच्याच—

बाहेर खारू म्हणतेय की आई, गार वाटतंय. आवाज खोल गेलाय तिचा.

उणे दहा. अक्षरं ठळक येताहेत. मी दाबत नाहीये. शाई काळीभोर—

आई, तू ऐकते आहेस ना, असं काहीतरी म्हणाली, नीट ऐकू आलं ना—