न्हाणीतली हजेरी

लातूर,
मंगळवार दुपार

चि. सौ. चतुरा हिस,

थोरल्या बहिणीचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. शेषेरावांना माझा सविनय जयभीम सांग, आणि त्यांचा खोकला बसला का ते कळव. (बसला नसेल तर तंबाखू सुटलेली नाही असं मी समजेन, औषधाला बोल लावू नका.) लोह्याला पाण्याचं कसं आहे? इथे लातुरात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही न कळवता, आणि आपण दार उघडेपर्यंत निघूनही जातो. माझं विचारशील तर खुब्याचं हाड जुळलं, काठी घेऊन घरभर फिरते, दोन भाकरी खाते. तब्येत बिघडली आहे ती आमच्या न्हाणीची.

मी न्हाणीत पडले ते तुला ठाऊकच आहे. दवाखान्यातून घरी आले तेव्हा माझं मागणं एकच होतं, की आंघोळ माझी मला करू द्या. जन्मभर मुलींच्या शाळेत दुसऱ्यांची नखं आणि माना तपासल्या, आणि आता सून माझी पाठ चोळते आणि शेजारची नागुबाई दारात उभी राहून पाणी कोमट आहे की कढत यावर मत देते. सिंधु गुणाची आहे, कधी कपाळाला आठी घालत नाही. पण आंघोळ म्हणजे काय ग्रामसभा आहे? अंगावर लुगडं नसताना माणसाला फार एकटं असावंसं वाटतं, हे या घरात कुणाला पटवावं ते मला कळेना.

तेव्हा माझ्या लेकानं, व्यंकटनं, न्हाणी सुधारायला घेतली. लातूर जिल्हा झाला आणि हा कलेक्टर कचेरीत लागला तेव्हापासून त्याला कुठलीही गोष्ट गल्लीच्या मापाची दिसत नाही. कुण्या साहेबाच्या बंगल्यावर फाइल पोचवायला गेला आणि तिथली न्हाणी पाहून आला. पहिली सुधारणा म्हणजे त्यानं दाराची आतली कडी उपटून काढली. (पुन्हा पडलीस तर दार फोडायचं का, असं मलाच विचारतो.) आता कडी नाही म्हणून सिंधु बाहेर उभी राहणार, आणि घटकेघटकेला विचारणार, "आत्या, बऱ्या हाव ना?" मी आतून म्हणायचं, "हाव." तोंडाला साबण असला तरी म्हणायचं. एकदा मी मुद्दाम गप्प बसले, तर ती आणि नागुबाई दोघी आत आल्या. जिनं उभ्या शाळेची हजेरी घेतली तिला अंगाला फेस लावून हजेरी द्यावी लागते, याला काय म्हणावं.

मग भिंतीला धरायला दांडा. शिवलिंग गवंडी आला. नागुबाईच्या शेतातलं बोअर आटलं, त्यातून उपसून काढलेला लोखंडी पाइप त्यानं कापून आणला. माणूस कामाला बरा, पण म्हणाला की बाई बसतात कशा, उठतात कशा ते दाखवा, म्हणजे उंची धरतो. आता पोटचा पोर आणि परका गवंडी यांच्यासमोर मी आंघोळीचं नाटक करून दाखवू? मी साफ नाही म्हटलं. तर नागुबाई पदर खोचून पुढे झाली आणि पाटावर बसून, उठून, पाठ चोळून सगळं दाखवलं. तिच्या मापानं दांडा बसला. नागुबाईची उंची तुला आठवत असेल, माळवदावरची मिरची शिडीशिवाय काढते. मी पाटावर बसले की दांडा माझ्या डोक्याच्या वर हातभर. शेवटी शिवलिंगनं खाली दुसरा दांडा मारला तेव्हा माझा हात पोचला. वरच्यावर आता सगळ्यांचे टॉवेल वाळतात. (त्या गडबडीत एक शहाणपणाची गोष्ट झाली ती माझ्या डोक्यातून. जात्याला टाकी लावतात तशी त्या गुळगुळीत शहाबादी फरशीला टाकी लावून घेतली. आता पाय चिकटून राहतो.)

पण खरा तमाशा कमोडचा. मला उकिडवं बसता येत नाही आणि अंगणातला संडास उकिडव्याचा. तोवर कसं भागवलं ते लिहीत नाही, तू समजून घे. तर व्यंकटनं नांदेडहून खुर्चीसारखं पांढरंशुभ्र कमोड आणलं. शिवलिंगनं ते न्हाणीच्या कोपऱ्यात मांडलं, मागच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून चिंधी कोंबून वर सिमेंट थापलं, आणि पाइप उद्या जोडतो म्हणून भाचीच्या लग्नाला निलंग्याला निघून गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नळ आला. घरात जी धावपळ झाली ती तू डोळ्यांसमोर आण. पिंप, हंडे, कळश्या, पातेली, परात, माझा तांब्या, सगळं भरलं, आणि नळ आपला चालूच. तेव्हा नागुबाई म्हणाली, "ते पांढरं भर की. नवं कोरं हाय, अजून कोन बसलंय त्याच्यात. झाकन बी हाय." आणि सिंधुनं ते काठोकाठ भरलं.

इथून पुढे माझी मती गुंग झाली. शिवलिंग परत आला तर कमोड पाण्यानं भरलेलं. पाणी काढल्याशिवाय पाइप जोडता येईना. ते पाणी पिण्याला नको, भांड्याला नको, आणि ओतून टाकायचं म्हटलं तर सिंधु डोळ्यांत पाणी आणून आडवी. दुष्काळात पाणी ओतणं तिच्यानं बघवत नाही, आणि त्यात तिचं काय चुकलं? मी म्हटलं, आण, मी आंघोळ करते त्या पाण्यानं. तर म्हणाली, "न्हाई आत्या. सासूला संडासातल्या पान्यानं न्हाऊ घातलं म्हनतील लोक." मी म्हटलं, अगं, त्याचा संडास अजून झालाच नाही, आत्ता तो नुसता हंडा आहे. पण कोण ऐकतो. शिवलिंग येई, झाकण उघडून बघे, मान हलवी, चहा पिऊन जाई. माझी सोय होती तिथेच अडून राहिली, पाण्यावर झाकण ठेवून.

शेवटी काल टँकर आला म्हणून सिंधु, नागुबाई आणि सगळी गल्ली घागरी घेऊन पळाली. व्यंकट कचेरीत. मी काठी टेकत न्हाणीत गेले, दार ओढून घेतलं, खालचा दांडा धरून हळूच पाटावर बसले, झाकण उघडलं, आणि तांब्यातांब्यानं ते सगळं पाणी अंगावर घेतलं. केसांवरूनसुद्धा. बाहेरून कुणी काही विचारलं नाही. खरं सांगते चतुरा, मला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं. मग दांडा धरून माझी मी उठले.

सिंधु परत आली. तिनं माझे ओले केस पाहिले, रिकामं कमोड पाहिलं, आणि कोरडा पंचा आणून दिला. नागुबाईला तिनं सांगितलं की चिंधी गळली असेल. शिवलिंगनं ते मनाला लावून घेतलं आणि आजच पाइप जोडून टाकला. व्यंकट सगळ्यांना सांगतो आहे की सुधारणा यशस्वी झाली. त्याच्या सुधारणांना मी किती कंटाळले आहे ते तुला वरच्या मजकुरावरून कळलंच असेल. मुलांना सांभाळ, उन्हात फिरू नकोस.

तुझी,
पार्वतीबाई

ता. क. येणाऱ्या माणसाबरोबर थोडी शिकेकाई पाठव. इथली निव्वळ भुसा आहे.

ता. क. दुसरा. येणारा माणूस म्हणजे व्यंकट. येत्या रविवारी तो शिवलिंगला घेऊन सकाळच्या एसटीनं लोह्याला पोचेल. बरोबर पाइप, सिमेंट आणि टाकीची छिन्नी असेल. तुझ्या न्हाणीत दांडा बसवायचा आणि फरशीला टाकी लावायची. मीच पाठवते आहे. शेषेराव ओरडतील, त्यांना म्हणावं पार्वताक्काशी बोला. जेवायला पिठलं चालेल, दोघांनाही आवडतं.

ता. क. तिसरा. नको म्हणू नकोस. तुझी तारामती माहेरी जाताना इथे उतरली होती. मागल्या महिन्यात तू न्हाणीत पडलीस, मनगट सुजलं, आणि भाकरी थापताना लचकलं असं घरभर सांगितलंस. मी थोरली आहे, चतुरा. तुझं पडणं मला तुझ्या सुनेच्या तोंडून कळावं, हे मला माझ्या पडण्यापेक्षा जास्त लागलं.