दहा पक्षी, एक गोळी

शनिवार, १२ जुलै, संध्याकाळ

आज वर्गात मी वैष्णवीला मारलं. अजून हात झिणझिणतोय.

सहावीचा कोड्यांचा तास. मी विचारलं, "झाडावर दहा पक्षी. एकाला गोळी घातली. किती उरले?" सगळी पोरं ओरडली, "शून्य!" आवाजानं बाकीचे उडतात, हे त्यांना पाठच आहे. ही एकटी उठली. "नाय मॅडम, एक. मेलेला कुठं उडतोय? तो तिथंच पडंल की."

वर्ग हसला. मला वाटलं, मलाच हसला. अशी सणसणीत ठेवून दिली की कानातली बाळी तुटून फळ्याखाली जाऊन पडली. कानाला रक्त.

फुलंब्रीहून घरी येईपर्यंत एसटीत ती बाळी माझ्या मुठीत होती. आता या वहीवर ठेवलीय. मी 'झाडावर किती' असं कुठं विचारलं होतं? नुसतं 'किती उरले' विचारलं. तिचंच बरोबर होतं. मग मारलं कशाला? पुस्तकात शून्य छापलंय म्हणून?

मारल्यावर लगेच मी पुढचं कोडं घातलं. एरवी चाळीस हात वर होतात. आज एकच झाला. वैष्णवीचा. दुसऱ्या हातानं तिनं कान दाबून धरला होता.