वाटाण्याएवढी गाठ आणि लवूचे नाव

रत्नागिरी, माघ वद्य पंचमी, शके १८५१

चिरंजीव लवू यास सदूभावोजींचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली सविस्तर कळवावी. (ही नुसती रिवाजाची विचारणा नव्हे. तुझ्या प्रकृतीची चौकशी सध्या इथे सगळे गाव करते आहे. कारण पुढे येईलच.)

केळशीच्या विठूशेटनी मुलगी देतो म्हणून सांगून दीड महिना तोंड का मिटले आहे, असे तू विचारलेस. हे स्थळ मोडले तर गोदीतली नोकरी सोडून बोटीवर खलाशी होईन, असेही लिहिलेस. एवढ्या टोकाला जाऊ नकोस. तुझे स्थळ अडले आहे ते वाटाण्याएवढ्या एका गाठीपायी, आणि ती गाठ माझी आहे. कुठे, ते लिहिताना टाक थांबतो. विजारीचे माप घेताना आम्ही शिंपी ज्या जागेपाशी टेप आली की गिऱ्हाइकाशी पावसापाण्याच्या गोष्टी काढतो, त्या जागी.

मार्गशीर्षात आंघोळ करताना ती हाताला लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती. पण मी इतका घाबरलो की मशीनवर एका कुशीला कलून बसू लागलो, आणि त्या महिन्यात शिवलेल्या सगळ्या कोटांचा डावा खांदा खाली उतरला. (कचेरीतल्या कारकुनांना ती मुंबईची नवी फॅशन वाटली. दोघांनी मुद्दाम तसेच कोट शिवून नेले.) मनातून मात्र पार गळालो होतो. तुझ्या बहिणीला सांगावे तर लाज, डॉक्टरला दाखवावे तर त्याहून लाज, आणि त्या जागी काही झाले की लोक आधी माणसाची चालचलणूक तपासतात. रोज सकाळी वाटे, यंदाचा शिमगा काही आपण बघत नाही.

शेवटी देवळात कौल लावायचे ठरवले. देवाला दाखवावे लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. पण भीतीने एक गोष्ट ध्यानात राहिली नाही. कौलाआधी गाऱ्हाणे घालावे लागते, ते मोठ्याने घालावे लागते, आणि बसलेल्या मंडळींनी प्रत्येक वाक्याला रुकार द्यावा लागतो. त्या दिवशी देवळात दहाबारा असामी होते. मी धोंडू गुरवाच्या कानात सांगितले, मुंबईच्या एका माणसाचे आहे.

‘नावाबिगर गाऱ्हानं कसं घालू?’ धोंडू म्हणाला. ‘मुंबयत मानसं काय थोडी हायत?’

माझ्या तोंडून तुझे नाव गेले. लवू, मुंबईत मी दुसऱ्या कोणाला ओळखतच नाही रे!

धोंडूचा आवाज तुला ठाऊक आहे. ‘बा देवा म्हाराजा, ह्यो लवू, मुंबयत ऱ्हातो, त्येच्या अवघड जाग्यावर गाठ आली हाय म्हाराजा!’ सगळे ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ ‘कुठं वाकडं पाऊल पडलं असंल, तर पदरात घे म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ (हे मी सांगितले नव्हते. मुंबई ऐकून धोंडूने पदरचे घातले.) कौल उजवा पडला. मी समाधानाने डोळे उघडले, तर खांबाशी नारळ हातात घेऊन विठूशेट उभे. ते तुझ्या लग्नाचाच कौल आपल्या देवाला लावायला मुद्दाम केळशीहून आले होते. त्यांनी नारळ पिशवीत घातला आणि आल्या पावली गेले.

तुझ्या बहिणीला, सगुणेला, तासाभरात कळले. ती तुझ्यासाठी रडली, तिने कडक सोमवार धरले, आणि मी जेवायला बसलो की म्हणायची, ‘माजा भाव तकडं आजारी, नि तुमाला घास कसा जातो?’ माझ्याच गाठीसाठी ती उपाशी राहत होती आणि मला ते सांगता येत नव्हते. तिच्याकडे बघवेना.

मग पाटणकर डॉक्टरांकडे गेलो. तिथेही मुंबईच्या मित्राचे म्हणूनच सुरुवात केली. ते म्हणाले, गाठ निरोपावर तपासता येत नाही, मित्राला पाठवा. तेव्हा मित्र पडद्यामागे जाऊन धोतर सोडून उभा राहिला. डॉक्टरांनी चाचपून पाहिले, खिडकी लावून घेतली आणि मागून बॅटरी धरली. उजेड आरपार आला. आणि तो गृहस्थ चक्क खूश झाला! बावीस वर्षांत अशी गाठ फक्त पुस्तकात वाचली होती, म्हणे. कंपाउंडरला बोलावले. शेजारचे पेन्शनीतले डॉक्टर चष्मा पुसत आले. मी उभा, आणि दर्शनाला रांग.

मी विचारले, माझे किती दिवस राहिले? डॉक्टर म्हणाले, ‘गाठीने मरायचे ठरवले असेल तर दुसरे काहीतरी शोधा.’ मग नीट समजावले. आईच्या पोटात असताना त्या भागाचे दोन पदर मधोमध येऊन जुळतात, तिथे रेघ राहते. जुळताना कातडीचा एखादा कण आत अडकला, तर कधीतरी त्याची पाण्याची पिशवी होते. चालचलणुकीशी संबंध नाही, कोणाला लागत नाही, जिवाला धोका नाही. मी म्हणालो, म्हणजे शिवण घालताना कापड आत दुमडले. ते म्हणाले, आमच्या पुस्तकापेक्षा हे बरे सांगितलेत. सुई टोचून जागा बधिर केली, गाठ काढून बाटलीत ठेवली आणि दोन टाके घातले. (टाके मी पाहिले. माझ्या दुकानात कोणी असे घातले असते तर उसवायला लावले असते.) बाहेर पडल्यावर पायरीवर बसून मी रडलो, हे तुलाच म्हणून सांगतो.

डॉक्टरांनी दाखला दिला, पण माझ्या नावाने. लवूचे नाव घाला म्हटले तर रागावले. तेव्हा बाबा रे, तूच शिमग्याला ये, देवळात ‘बरा झालो’ म्हणून नारळ फोड, म्हणजे विठूशेटच्या मनातला किंतु जाईल आणि माझीही अब्रू राहील.

तुझा,
सदूभावोजी

ता. क. पत्र टाकायचा धीर होईना, पंधरा दिवस कपाटात राहिले. गेल्या सोमवारी तुझी बहीण उपासाने भोवळ येऊन चुलीपाशी बसली, आणि माझ्याने राहवले नाही. सगळे सांगितले. ती आधी हसली, मग रडली. संध्याकाळी म्हणाली, ‘दाखला घ्या नि केळशीस चला.’ विठूशेटच्या ओटीवर, त्यांच्या भावांदेखत, गाठ माझी होती, असे मी स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यांनी दाखला तीनदा वाचला. हसले मात्र नाहीत. स्थळ पक्के झाले, वैशाखात लग्न. नारळाचे राहू दे, मुंडावळ्या बांधायलाच ये.

आणखी ता. क. निघताना विठूशेटनी मला एकट्याला पोफळीच्या वाडीत नेले आणि पाटणकर डॉक्टरांचा पत्ता मागितला. त्यांच्या मुंबईच्या एका मित्राला हवा आहे, म्हणे. मी पत्ता दिला, नाव विचारले नाही. पण बोटीत बसल्यावर ध्यानात आले, की मुंबईत त्यांच्याही ओळखीचा तुझ्याखेरीज कोणी नाही. तेव्हा केळशीच्या देवळात तुझे नाव निघालेच, तर लग्न लागेपर्यंत तेवढे सासऱ्यांना वापरू दे.