मेथीच्या हिशोबाची गोळी

जुईनगर, डिसेंबर १९९६

चि. रणजीत, आईचा आशीर्वाद.

भांडून सुनेला घेऊन तिकडे पावणे गावात राहायला गेलास, बरंच केलंस. मला काय धाड भरलीय!

चूळ भरताना रक्त येत होतं म्हणून काल दवाखान्यात गेले. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झाल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ना, ती आता तिथल्या फार्मासिस्ट प्राचीबाई ठरवतात. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "मावशी, रक्त फारच पातळ झालंय. पालेभाजी सोडलीत का? भाजीनं गोळीचा जोर कमी होतो. तुमची गोळी रोजच्या मेथीच्या हिशोबानं ठरवली होती."

वाशी मार्केटातनं जुडी तू आणायचास. आता एकटीसाठी कोण निवडत बसतंय? चहा-चपाती खाते. म्हटलं, "मेथी महागलीय."

ऐन थंडीत मेथी महाग कशी, हे त्यांनी विचारलं नाही. गोळी कमी केली आणि म्हणाल्या, "भाजी परत सुरू करायच्या आधी मला सांगा. गोळी वाढवावी लागेल."

हे पत्र काही मी टाकणार नाही. पण येशील तेव्हा जुडी घेऊन एकदम दारात उभा राहू नकोस. आधी निरोप धाड. मला गोळी वाढवून घ्यायला हवी.

तुझी,
आई