अर्धी प्रदक्षिणा

प्रिय महांतेश,

घरात फोन असताना आई पत्र का लिहून राहिली, असं तुला वाटेल. फोनवर बोलावं तर अप्पा शेजारीच बसतात, आणि त्यांचे कान किती तिखट आहेत ते तुला ठाऊक आहे. परवापासून माझं कशातच चित्त नाही. काल भाजीत दोनदा मीठ पडलं. एरवी ताट सरकवणारे अप्पा मुकाट्याने जेवले.

परवा नांदेडहून तुझे सासू-सासरे आले होते. व्याह्यांना आपलं नीलकंठेश्वराचं मंदिर बघायचं होतं. अप्पांना तेवढंच पाहिजे. रिटायर होऊनही वर्गावर निघाल्यासारखे, इस्त्रीचा शर्ट घालून पुढे. बाहेरच्या भिंतीवरची आरसा धरलेली बाई आठवते ना? तिचं लई रंगवून सांगितलं. मान कशी कललीय, बोटं किती नाजूक, काळ्या दगडात कारागिराने लाज कशी आणलीय. व्याही हाव हाव म्हणत मान डोलवत राहिले. पण त्यांच्यासमोर होती ती ढोल वाजवणारी. आरसेवाली पार पुढच्या कोपऱ्यावर. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी उगाच पदर सावरला. बोलण्याच्या नादात चुकले असतील, असं मनाला समजावलं.

मग प्रदक्षिणा. महादेवाला अर्धीच घालायची, पिंडीवरचं पाणी जातं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. लहानपणी शाळेच्या सहलीत तू पाय पुढे टाकलास तेव्हा अख्ख्या वर्गासमोर तुझा कान याच अप्पांनी पिळला होता. परवा ते सरळ पुढे गेले. पन्हळीच्या पाण्यात पाय पडला तेव्हा थबकले. गुरुजी आता सुधारक झाले, म्हणून व्याही हसले. अप्पाही हसले, पण हात भिंत चाचपत होता. मी जाऊन तो धरला. चारचौघांत त्यांनी मला कधी हात धरू दिलाय का? परवा सोडवून घेतला नाही. मला धडकीच भरली रे.

डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. मोटरसायकल अजून चालवतात. बाजारातून येईपर्यंत माझा जीव टांगणीला. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. या रविवारी ये आणि त्यांना तुझ्याकडे नांदेडला नेऊन डोळे दाखव. मी कळवलं म्हणू नकोस. सृष्टीने आजोबांचा हट्ट धरलाय म्हण.

हे पत्र मी त्यांच्यासमोरच, एकाच टेबलाशी बसून लिहून राहिले. काय लिहितेस, म्हणाले. किराण्याची यादी, म्हटलं. या माणसाने माझ्या यादीतलेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ जन्मभर तांबड्या पेनाने सुधारलेत. आत्ता त्यांनी हा कागद हातात घेतला, बराच वेळ निरखला आणि सगळं बरोबर आहे, फक्त गूळ राहिला, असं म्हणून परत दिला.

तुझीच,
आई