एकटीनं उतरायची पैज

गुरुवार, ३

हरले तर घर सोडायचं! आणि ही पैज लावली कोणी? मीच. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बोट सुटून तास झाला नव्हता. जेवणाच्या टेबलावर ताईने पुन्हा तोच विषय काढला. "चिमे, आता एकत्र राहू या. तुला एकटीला जमायचं नाही." मागे बल्ब बदलताना स्टुलावरून पडले, हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हापासून हेच चालू आहे. एकदा बल्ब बदलता आला नाही म्हणजे बहिणीला काहीच येत नाही! अगं, मी एकसष्ट वर्षांची आहे. थिएटर बंद पडेपर्यंत तिथे टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवल्या. अंधारात अख्ख्या गावाला जागेवर बसवलं. पण ताईच्या लेखी मी अजून नाक पुसायच्याच वयाची.

ताईबरोबर राहणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. ती मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्त झाली हे तिला अजून कोणी कळवलेलं नाही. तिच्या घरात बशी घ्यायची तर विचारून घ्यायची. माझी एकच खोली का असेना, मी दुपारी तीनला आंघोळ करते आणि कोणी का म्हणून विचारत नाही.

रागाच्या भरात म्हणून गेले — या बोटीच्या तिन्ही बंदरांत मी एकटी उतरेन, एकटी फिरेन आणि वेळेत परत येईन. जमलं तर हा विषय पुन्हा जन्मात काढायचा नाही! ताई शांतपणे म्हणाली, "आणि नाही जमलं तर एकत्र राहायचं." हात पुढे केला. मी टाळी दिली. तोवर सूप गार झालं होतं.

शुक्रवार, ४

दिवसभर पाणी. ताईने सहलींच्या टेबलावर जाऊन तिन्ही बंदरांच्या सहली घेऊन टाकल्या. बस, गाईड, जेवण आणि छातीवर चिकटवायला गोल स्टिकर. स्टिकर आजच लावून बसली आहे! किल्ला, संग्रहालय, बाजार, दीपगृह, सगळं एका दिवसात. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी तसं बोलले नाही. आतून मीच घाबरले आहे. बोट कोणासाठी थांबत नाही म्हणतात.

शनिवार, ५

पहिलं बंदर. ताईची बस गेली. खिडकीतून मला बोट दाखवून "जपून, जपून" चाललं होतं. मी शिडी उतरले. डावीकडे जावं की उजवीकडे, विचारायला कोणी नाही. गेले उजवीकडे.

पुढे फुटपाथ संपला. सवयीने तोंडातून निघून गेलं — "पायरी!" थिएटरची खोड, रिकाम्या जिन्यातही सुटत नाही. तर मागून आवाज, "थँक्यू." वळून बघते तो आमच्याच बोटीवरचा टोपीवाला, पाय जपून टाकतोय. त्याच्यामागे एक नवरा-बायको. त्यांच्यामागे आणखी कोण कोण.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"तुम्ही निघालात तिथेच," टोपीवाला म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी भरभर चालले. तेही भरभर. पाय दुखले म्हणून एका लॉन्ड्रीसमोरच्या बाकावर बसले, तर सगळे अर्धगोल करून उभे राहिले आणि लॉन्ड्रीचे फोटो काढायला लागले! काचेआड चादरी गरगरत होत्या. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ, बसवाले असलं कधी दाखवत नाहीत." लॉन्ड्रीवाला बाहेर आला, दचकला, आत गेला आणि शर्ट बदलून परत आला.

मी म्हटलं, अहो, मी काही दाखवत नाही, मी नुसती बसले आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वेळेत परतले, पण शेपूट घेऊन. ताईने वरून बघितलंच. "ही एकटी? ही तर वरात!" मग मोठ्या मनाने पहिलं बंदर सोडून दिलं — "सराव समज." मी विचारलं, तू काय बघितलंस? म्हणाली, "किल्ला." कसा होता? "डावीकडे होता."

रविवार, ६

नाश्त्याला मी अंडं घेतलं. मागच्या सगळ्यांनी अंडी घेतली. टोपीवाल्याला अंडं सोसत नाही, तरी घेतलं!

सोमवार, ७

दुसरं बंदर. आज यांना गुंगारा द्यायचाच म्हणून सगळ्यांच्या आधी उतरायला गेले, तर मंडळी माझ्याही आधी खाली हजर. टोपीवाला रांग लावत होता. एका नवख्याने विचारलं, "आज काय बघायचं आहे?" टोपीवाला त्याला दटावून म्हणाला, "त्यांना विचारायचं नाही. नुसतं मागून जायचं."

चौकात एक पुतळा होता. पुतळ्याखाली ताईच्या बसचा गाईड झेंडा धरून सालं आणि लढाया सांगत होता. आम्ही बाजूने गेलो मात्र, त्याची माणसं एकेक करून गळाली आणि आमच्या शेवटाला लागली. बसचा ड्रायव्हर चहा प्यायला उतरला होता, तोही आला, पेल्यासकट. शेवटी झेंडा एकटाच उरला. मग झेंडाही आला.

माझा जीव मेटाकुटीला आला. समोर दातांचा दवाखाना दिसला, शिरले आत. म्हटलं, इथे कोण मरायला येतंय! सगळे आले. खुर्च्या भरल्या, उरलेले जिन्यात उभे राहिले. डॉक्टरीणबाई दार उघडून म्हणाल्या, "पहिलं कोण?" कोणी हलेना. मग टोपीवाला उठला, आत गेला आणि दाढ काढून बाहेर आला! तोंडात कापूस, चेहरा असा प्रसन्न. बोबडं बोलत म्हणाला, "किती दिवस दुखत होती. धीरच होत नव्हता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाईड खालून ओरडून सांगत होता की हा जिना फार जुना आहे. कशावरून, देव जाणे.

बाहेर पडावं तर त्याच जिन्यात वरच्या बिऱ्हाडाचं कपाट अडकलेलं. घर बदलत होते बिचारे. आमच्या लोकांनी हात लावला. मी पुढे. "पायरी!" मी म्हटलं. "पायरी!" सगळे एका सुरात म्हणाले. कपाट सुखरूप खाली आलं. त्या घरच्या बाईने दोनच पेल्यांत सगळ्यांना पाणी पाजलं, आणि आमच्यातली एक प्रौढ बाई चक्क रडली. म्हणे, एवढी सुंदर सहल आयुष्यात केली नाही.

आणि मी? मला फक्त एक रिकामा बाक हवा होता!

बोटीवर ताई लालबुंद. "माझी अख्खी बस पळवलीस! ड्रायव्हरसुद्धा! मी त्या बसमध्ये दुपारभर एकटी होते!"

"मग उतरून फिरायचंस."

"एकटी?" ती म्हणाली. आवाज काहीतरी वेगळाच निघाला. मग खाकरून नेहमीचा झाला. "ते राहू दे. तू हरलीस."

मंगळवार, ८

भांडण. मी म्हणाले, मी कोणाला आवतण दिलं नव्हतं. ताई म्हणाली, न देता आले ना? बाईचा मुद्दा कधी संपत नाही. मी रडले. रागानेच, पण रडले. "तुझ्याजवळ राहून मी गुदमरून जाईन," म्हटलं. ताई छातीवरचा स्टिकर सोलत बसली.

मग मीच पुन्हा, "आणि मला ठेवणार कुठे? शिवणयंत्राच्या खोलीत?"

"ते बघू मग," ताई म्हणाली.

म्हणजे शिवणयंत्राच्याच खोलीत. मला ती खोली माहीत आहे. खिडकी उघडली की यंत्राला लागते.

शेवटी तडजोड झाली. उद्याचं बंदर काय ते ठरवेल. एकटी म्हणजे अगदी एकटी.

तेवढ्यात सहलींच्या टेबलावरची बाई दारात. उद्याच्या बसची तिकिटं लोक परत करताहेत म्हणे. "तुम्ही उद्या काय दाखवणार?" "काही नाही!" मी ओरडले. तिने जाऊन फळ्यावर तसंच लिहिलं. चहाच्या वेळेपर्यंत 'काही नाही' ही सहल भरलीसुद्धा!

डेकवर टोपीवाल्याला गाठलं. गाल सुजलेला. म्हटलं, खरं सांगा, माझ्यामागे का येता? मला इथलं कणभर माहीत नाही. तो म्हणाला, "असेलही. पण चालता अशा की तुम्हाला माहीत आहे. इकडेतिकडे बघत नाही. आणि तुमचा तो डावा हात."

हात? बघितलं तर खरंच. डावा हात मागे, खाली, बोटं जमिनीकडे. टॉर्च नाही, पण हात अजून मागच्यांना उजेड दाखवतोय!

बुधवार, ९

जमलं!!

खाली अर्धी बोट उभी होती. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उतरले. नकाशा काढला, उलटा धरला. मग सुलटा केला. मग पुन्हा उलटा. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि टोपीवाल्यालाच विचारलं, "अहो, गाव कुठल्या अंगाला आहे?"

परवाची ती रडलेली बाई म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही हो. कधीच नव्हतं."

चेहरे असे पडले की मलाच वाईट वाटलं. ज्याला रस्ता माहीत नाही, त्याच्यामागे कोण जाणार? हळूहळू सगळे बसकडे वळले. टोपीवाला शेवटपर्यंत रेंगाळला. "पण माझी दाढ?" म्हणाला. मी म्हटलं, "ती तुम्ही स्वतःच्या पायांनी जाऊन काढलीत." त्याने जरा विचार केला, टोपी नीट केली आणि तोही गेला.

मग मी एकटी. किती बरं वाटलं, काय लिहू! खरोखरच हरवले, दोनदा. एका भिंतीवर बसून पाव खाल्ला, चप्पल काढून. एका दुकानात शिरून काहीही न घेता बाहेर आले. कोणी फोटो काढला नाही. एका गल्लीत बारकं थिएटर दिसलं. दुपारचा खेळ, भाषा अनोळखी, तरी तिकीट काढून आत बसले. मुद्दाम लवकर! नोकरीत एवढे सिनेमे लागले, पण एकाचीही सुरुवात मला धड बघायला मिळाली नाही. सुरुवातीलाच उशिराची माणसं यायची आणि मी त्यांना खुर्च्या दाखवत फिरायची. आज पहिल्या अक्षरापासून बघितलं. एक माणूस सायकल पुसत होता, पुसतच राहिला. काय सुंदर सुरुवात! पुढचं काही बघितलं नाही, बोटीची वेळ झाली. शेवट मला पुष्कळ माहीत आहेत.

वेळेत परतले. ताई डेकवर कठड्याला धरून उभी होती, माझ्यामागे कोणी आहे का ते बघत. रस्ता मोकळा होता. मी वर गेले तशी एवढंच म्हणाली, "जिंकलीस." नाक उडवणं नाही, शेरा नाही. मला वाटलं, मनाला लागलं असेल. लागू दे! मी दोन वेळा गोड घेतलं.

गुरुवार, १०

बोट लागली. सामान उतरलं. ताई धक्क्यावर आपल्या बॅगेवर बसली ती उठेचना. टॅक्सीवाला विचारायला लागला, कुठे सोडू. मी ताईच्या घराचा पत्ता सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "तो नको सांगूस. ते घर मुलाने विकलं. गेल्या महिन्यात."

"मग आपण एकत्र राहणार होतो कुठे?"

ताई समोर बघत राहिली. "तो विषय काढायचा नाही असं ठरलंय ना आपलं," म्हणाली. शब्दाची पक्की!

मग मीच काढला. टॅक्सीवाल्याला माझा पत्ता दिला, आणि ताईला सांगितलं की पलंग एकच आहे, भिंतीकडची बाजू माझी.