आमचा गोबर गॅस चालू आहे

५ जानेवारी २००४, सोमवार
डेन्मार्कच्या शाळेचं पत्र आलं. दीड वर्ष पत्रांतून चाललेली दोन शाळांची 'शाश्वत ऊर्जा' मैत्री आता प्रत्यक्ष भेटीवर आली. २६ फेब्रुवारीला बारा विद्यार्थी आणि बिर्गिट नावाच्या मॅडम चामोर्शीमार्गे आपल्याकडे. ज्या गोबर गॅसवर शाळेची खिचडी शिजते, तो त्यांना बघायचा आहे.
असं मीच लिहिलं होतं. दर पत्रात. अगदीच खोटं नव्हे; २००१ पर्यंत शिजायची. मग घुमटाला तडा गेला आणि धुरपताबाई लाकडावर शिजवू लागली. तपशिलाचा फरक.
संकल्प: १५ तारखेच्या आत दुरुस्ती. शेवटी विज्ञानाचा शिक्षक मी आहे.

१६ जानेवारी
डोमा मिस्त्रीला निरोप गेला नाही. चाचणीचे पेपर होते. उद्या नक्की.

२९ जानेवारी
डोमा आला. तडा बघून म्हणाला, "दोन दिवसात बुजवतो सर. पण शेण भरल्यावर गॅस याले थंडीत तीन हप्ते तरी लागन." हे मला ठाऊक आहे, आठवीला मीच शिकवतो. लगेच धरलं तर कसंबसं बसतं. ईद होऊ दे, मग ये, म्हणालो.

१२ फेब्रुवारी
ईद होऊन दहा दिवस झाले. पाहुणे होते. आता डोमाच मार्कंड्याच्या जत्रेत दुकान लावायला गेला. अशी माणसं असल्यावर देश पुढे कसा जाणार?
नववीतली संघप्रिया भेटायला आली. इंग्रजी सगळ्यांत चांगलं हिचंच. कुणी सांगितलं नसताना दर शनिवारी चुलीत जाणारं लाकूड तोलून वहीत लिहिते. म्हणाली, "सर, धुराच्यानं धुरपताबाईचे डोळे लय सुजून राह्यले. मी सिग्नेले दर पत्रात लिवलं हाय." सिग्ने म्हणजे तिकडची तिची पत्रमैत्रीण. काय लिहिलं ते विचारलं नाही. पोरींची पत्रं, असणार काय त्यात.

२४ फेब्रुवारी
मार्ग सापडला. घरचा सिलिंडर कोठीत ठेवायचा, पाइप भिंतीमागून गोबर गॅसच्या शेगडीला. निळी ज्योत ती निळी ज्योत. याला प्रात्यक्षिक म्हणतात. बायकोने, जरीनाने विचारलं, "और मैं चाय किसपे बनाऊँ, तुम्हारे भाषण पे?" बायकांना विज्ञानाची दृष्टी नसते.
संघप्रियाला पाठ करायला एक पान इंग्रजी भाषण दिलं. वाचून म्हणाली, "सर, हे तर खरं नाई." मी म्हणालो, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे, बेटा. तिने कागदाची घडी केली.

२६ फेब्रुवारी, दुपारी ४
जबरदस्त यश! ज्योत भडकली, टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. बाकीचं उद्या लिहीन.

२९ फेब्रुवारी
तीन दिवस लिहिलं नाही. लिहितो.
टाळ्यांनंतर बिर्गिट मॅडमनी मला बाजूला घेतलं. सिग्नेच्या हातात संघप्रियाच्या पत्रांचा गठ्ठा होता. त्यात सगळं होतं: तडा, आठवड्याचं लाकूड, धुरपताबाईचे डोळे. ते वाचूनच ही मंडळी आली होती. गाडीत मोठी पेटी होती, व्हॉल्व्ह, पाइप आणि घुमटाला आतून लावायचा लेप. आमच्या मुलांबरोबर तीन दिवस राबून आमचाच गोबर गॅस दुरुस्त करायचा, असं ठरवून आले होते. माझी पत्रं त्यांना कोड्यात टाकत होती, म्हणून समक्ष विचारलं.
तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.
मी म्हणालो, पत्रं जुनी आहेत, दुरुस्ती झाली.
मॅडम संघप्रियाकडे वळल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोठीच्या दाराकडे पाहिलं. ती म्हणाली, "येस मॅडम. इट इज रनिंग नाऊ." सिग्ने तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पत्रं पिशवीत घातली.
मॅडमना आनंदच झाला. म्हणाल्या, मग पेटी एटापल्लीकडच्या आश्रमशाळेला देऊ, तिथलाही बंद आहे. मी आभार मानले. पेटी गाडीत चढवायला हातही लावला.

६ मार्च
आज शनिवार. संघप्रिया तोलकाट्यापाशी आली नाही. धुरपताबाईने विचारलं, "सर, ते गोरे लोक मशीन आननार होते म्हने. पोरगी सांगे. काऊन नाई आनलं?" मी म्हणालो, कस्टममध्ये अडकलं. ती बरं म्हणाली, पदराने डोळे पुसले आणि फुंकणी घेतली.
माझ्या तोंडून हे इतकं सहज कसं निघतं?

१३ मार्च
संकल्प: बिर्गिट मॅडमना खरं लिहायचं. आज तीन मसुदे केले. पहिल्यात 'तांत्रिक अडचण', दुसऱ्यात 'गैरसमज'. तिसऱ्यात डोमाचं नाव आलं. तिन्ही फाडले.

१७ मार्च
अखेर लिहिलं. चार ओळी. सिलिंडर माझा होता, भाषण माझं होतं, मुलीला मी बोलायला लावलं. इंग्रजी तपासून घ्यायला संघप्रियाला बोलावलं. खरं तर माफी मागायची होती, पण निमित्त इंग्रजीचं केलं.
तिने उभ्या-उभ्या वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.
"मी सिग्नेले लिवलं सर. मागच्या सोमवारीच टाकलं पोस्टात."
काय लिहिलं, विचारलं.
"खोटं बोलली, माफ कर म्हनून लिवलं. गोबर गॅस बंदच हाय म्हनून लिवलं."
आणि माझं?
"तुमचं नाव नाई घेतलं सर. मीच बोलली ना."
ती वर्गात गेली.
ऐकल्याबरोबर मला सगळ्यांत आधी काय वाटलं, ते इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. सुटलो, असं वाटलं.
माझं पत्र अजून टेबलावरच आहे.